मलेशिया की कतार? एका केबल जॉइंटरचा अनुभव

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत, म्हणजे जीआयडीसीत, केबल आणि ट्रान्सफॉर्मरच्या कामावर असलेली आपली मराठी मुलं हल्ली माझ्याकडे दोन ऑफर घेऊन येतात. एक मलेशियाची, एक कतारची. मी दोन्हीकडे राहून आलोय. मलेशियात २०१५ ते २०१७, कतारमध्ये २०२१ ते २०२४. काम दोन्हीकडे एकच: हाय टेन्शन केबलचे जॉइंट आणि टर्मिनेशन, म्हणजे विजेच्या जाड केबल जोडणं आणि त्यांची टोकं बसवणं. पगार आणि ओव्हरटाइमचे आकडे एजंट तोंडपाठ सांगतो, त्यात मी पडत नाही. तो सांगत नाही तेवढंच लिहितो.

राहायला मलेशिया केव्हाही उजवं. मी जोहोरला होतो. हिरवंगार मुलूख, केळीच्या पानावर भात-सांबार वाढणारी तमिळ खानावळ चालत जायच्या अंतरावर, देऊळ जवळ, थैपुसम या तमिळ सणाला सुट्टी. घरापासून लांब असल्याचं फारसं जाणवत नाही. कतारमध्ये कॅम्प, बस, साइट, परत कॅम्प. आणि ऊन. १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करायला तिथे कायद्याने बंदी आहे, यावरूनच काय ते समजा. कामाच्या दृष्टीनेही सांगतो. जॉइंटचा तंबू लावून एक्सएलपीई इन्सुलेशन, म्हणजे केबलच्या तारेवरचं प्लास्टिकचं आवरण, पॉलिश पेपरने घासायला बसलं, की मधे उठता येत नाही. जोहोरला रोज दुपारी पाऊस यायचा आणि खड्ड्यात ओल चढायची. दोह्यात ओलीच्या जागी पीठासारखी धूळ, ती उघड्या इन्सुलेशनवर बसू नये म्हणून आमचा हेल्पर तंबूची चेन धरून उभा राहायचा. त्रास दोन्हीकडे सारखाच.

पैशाचं मात्र एक लक्षात घ्या. कतारचा रियाल डॉलरला ३.६४ ने बांधलेला आहे, तो हलत नाही. मलेशियाचा रिंगिट हलतो. २०१४ च्या मध्यात साधारण १९ रुपयांना असलेला रिंगिट २०१५ च्या सप्टेंबरअखेर १५ च्या आसपास आला. पगार तोच, पण बडोद्याला पोचणारी रक्कम महिन्यागणिक आटत गेली. त्यात माझ्या वेळी परदेशी कामगारांवरची लेव्ही, म्हणजे सरकारी कर, कामगाराच्याच पगारातून कापत. ती मालकाने भरायची असं २०१८ पासून ठरलं, तोवर मी परत आलो होतो.

आता धोरणाबद्दल, कारण खरी गोम तिथे आहे. मलेशियाला माणसांची टंचाई खरीच आहे. तिथल्या मुलांना मळ्यात, बांधकामावर, खड्ड्यात उतरायला नको असतं, आणि जोहोरचा मुलगा तर पूल ओलांडून सिंगापूरला जातो, तिथल्या डॉलरमध्ये कमावतो. म्हणून बाहेरची माणसं हवीत. पण ती फार झाली की सरकारवर टीका होते, मग दार बंद. कोणत्या देशाचा माणूस कोणत्या कामाला घ्यायचा याचीसुद्धा यादी; बांधकामात भारतीयांना मुभा होती ती हाय टेन्शनच्या कामापुरती. फेब्रुवारी २०१६ मध्ये नवी भरती एकाएकी थांबवली, तेव्हा आमच्या गँगला येणारी दोन मुलं आलीच नाहीत आणि सहा जणांचं काम आम्ही चौघांनी ओढलं. २०२३ मध्ये कोटा पुन्हा गोठवला, आणि ३१ मे २०२४ ही प्रवेशाची शेवटची तारीख ठरवली, तेव्हा हजारो बांगलादेशी पैसे भरून ढाक्यातच अडकले. कतारमध्ये मूळ नागरिकच इतके थोडे, की बाहेरच्या माणसांशिवाय त्यांचा एक दिवस निघत नाही. त्यामुळे हा चालू-बंदचा प्रकार मला तिथे दिसला नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. माझा निर्णय झाला तो पासपोर्टवरून.

मलेशियाचा पास, म्हणजे कामाचा परवाना, वर्षाचा, आणि माझ्या वेळी त्याचा स्टिकर पासपोर्टातच लागायचा. म्हणजे दर वर्षी पासपोर्ट कंपनीकडे द्यायचा, कंपनी तो तिच्या माणसाकडे देणार, तो इमिग्रेशनला. परत कधी मिळेल ते कोणी सांगत नाही. तेवढे दिवस आपल्याकडे एक लॅमिनेट केलेली झेरॉक्स. संध्याकाळी साइटवरून परतताना पोलिसांनी नाका लावलेला असला, की खिशात हात घालून ती झेरॉक्स घट्ट धरायची मला सवयच लागली होती. घामाने तिच्या कडा सुटल्या होत्या, फोटोतला माझा चेहरा पांढरा पडत चालला होता. पोलीस ती उजेडात धरून उलटीपालटी बघायचा आणि विचारायचा, "ओरिजिनल?"

ऑक्टोबर २०१६ मध्ये, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आई दांडिया बाजारच्या घरी जिन्यावरून पडली. खुब्याचं ऑपरेशन. पासपोर्ट त्याच आठवड्यात नूतनीकरणाला गेलेला. ऑफिसातला माणूस रोज "उद्या" म्हणायचा. हातात यायला तेवीस दिवस लागले. ऑपरेशनच्या कागदावर सही धाकट्या भावाने केली. आई आता बरी आहे, काठीने न्यायमंदिरापर्यंत जाऊन येते. पण ते तेवीस दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. आणि दुसरी कंपनी बघावी तर पास त्याच मालकाच्या नावाचा, सोडलं की घरी.

कतारमध्ये राहण्याचा परवाना म्हणजे वेगळं कार्ड. त्याचं नूतनीकरण कंपनी ऑनलाइन करते, पासपोर्ट माझ्या पत्र्याच्या पेटीतून हललाच नाही. २०२० पासून बहुतेक कामगारांना देश सोडायला मालकाची परवानगी लागत नाही, नोकरी बदलायला त्याची एनओसी लागत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये काका गेल्याचा फोन दुपारी आला. फोरमनला सांगितलं, रात्रीचं विमान धरलं, दुसऱ्या दिवशी बडोद्यात होतो.

कतारमध्ये सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. नोकरी बदलायला निघालेल्या आमच्यातल्या एकावर जुन्या मालकाने पळून गेल्याची तक्रार ठोकली, ती निस्तरायला त्याला दोन महिने लागले. दुसऱ्याचा पासपोर्ट अडकवणं मलेशियातही गुन्हाच आहे, आणि चांगला मालक मिळाला तर माझ्यासारखं तुमचं होणारही नाही. एकटा जीव असेल, घरी कोणाच्या दुखण्याखुपण्याची काळजी नसेल, तर जोहोरचे दिवस सुखाचे जातील. पण घरी म्हातारी माणसं असतील तर माझं मत कतारकडे झुकतं.

कुठेही जा, एजंटला एवढं विचारा: पास कोणाच्या नावावर निघणार, नूतनीकरणाच्या काळात पासपोर्ट किती दिवस आणि कोणाकडे राहणार. उत्तर लेखी घ्या. त्याची फी नियमाने ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, त्याहून जास्त देऊ नका. दहावी पास असाल तर एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे कामासाठी देशाबाहेर जायची सरकारी परवानगी, लागत नाही, म्हणजेच तुमचा करार सरकारी कोणी वाचलेला नसतो. तो घेऊन माझ्याकडे या. रविवारी सकाळी मी घरीच असतो, बसून ओळ न् ओळ वाचू.