रोझेशियासाठी सौम्य दिनक्रम: आठ महिन्यांनंतर काय उरलं, काय गेलं

रोझेशिया म्हणजे चेहऱ्याच्या त्वचेचा चिवट दाह, ज्यात गाल-नाक लाल होतात आणि पुटकुळ्या येतात. आधी निकाल सांगतो, कारण मी स्वतः असे अनुभव वाचताना तोच आधी शोधायचो. गालांवरच्या पुटकुळ्या जवळजवळ गेल्या. चेहरा धुतल्यावर व्हायची ती आग पूर्ण थांबली. अचानक चेहरा तापून लाल होणं अजून होतं, पण पूर्वी दोन-दोन तास उतरायचं नाही ते आता अर्ध्या तासात उतरतं. नाकाच्या कडेच्या बारीक लाल रेषा मात्र होत्या तशाच आहेत, त्यांच्यावर कुठल्याही क्रीमचा काडीइतका परिणाम झालेला नाही.

मी कित्येक वर्षं याला मुरुमं समजत होतो. त्यामुळे उपायही मुरुमांचेच: सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, दाणेदार स्क्रब, दाढीनंतर अल्कोहोलचा आफ्टरशेव्ह. चरचरलं की बरं वाटायचं. जितकं झोंबतंय तितकं आतून साफ होतंय, अशी माझी पक्की समजूत होती. मध्ये एकाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडचं मलमही तीन आठवडे लावलं. चेहरा छान दिसायला लागला आणि मलम थांबवल्याच्या चौथ्या दिवशी सगळं दुपटीने परत आलं. हे वाचणाऱ्या कोणाच्या घरात तशी ट्यूब असेल तर कृपा करून ती चेहऱ्याला लावू नका. स्टेरॉइडमुळे रोझेशिया बिघडतो, आणि नसलेल्यालाही तसाच त्रास सुरू होऊ शकतो.

त्वचारोगतज्ज्ञांनी भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, “ब्लॅकहेड्स कुठे आहेत?” एकही नव्हता. मुरुमांत ते असतात, रोझेशियात नसतात. शिवाय माझा वर्ण सावळा. सावळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही, तांबूस-तपकिरी डाग वाटतो, म्हणून निदान लांबतं. आरशात लाली दिसत नसेल तर गालाला हाताची मागची बाजू लावून बघा. ऊब लगेच कळते.

पहिला महिना त्यांनी औषधच दिलं नाही. घरात होतं ते सगळं बंद. फक्त तीन वस्तू: सुगंध नसलेला, फेस न होणारा क्लेन्झर, सिरामाइड (त्वचेतच असणारा स्निग्ध घटक) आणि ग्लिसरीन असलेलं साधं मॉइश्चरायझर, आणि सनस्क्रीन. मला फसवल्यासारखं वाटलं होतं. पण कारण समजलं तेव्हा पटलं. रोझेशियात त्वचेचा वरचा थर आधीच कमकुवत असतो. त्यातून पाणी उडून जातं, बाहेरचं आत शिरतं आणि रक्तवाहिन्या व मज्जातंतू क्षुल्लक कारणानेही बिथरतात. त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) साधारण ५ च्या आसपास आणि आंघोळीच्या साबणाचा ९ ते १०. मी रोज दोनदा तो थर खरवडत होतो आणि झोंबण्याला गुण म्हणत होतो. चौथ्या आठवड्यात एकही औषध न लावता आग निम्म्यावर आली.

सकाळी मी क्लेन्झर वापरतच नाही. कोमट पाण्याने हाताने धुतो, मऊ कापडाने टिपतो, चोळत नाही. ‘कोमट’ म्हणजे मनगटाला गरमही लागू नये आणि गारही. लगेच मॉइश्चरायझर, पाच-सात मिनिटं थांबून सनस्क्रीन.

सनस्क्रीनने मला सगळ्यात जास्त छळलं. ऊन हे रोझेशिया भडकण्याचं मोठं कारण, त्यामुळे टाळण्याची सोय नाही. पण पहिली दोन सनस्क्रीन्स लावल्या लावल्या गाल पेटले आणि घाम आला की डोळ्यांत उतरायची. शेवटी फक्त झिंक ऑक्साइडचं घेतलं. ते अजिबात झोंबलं नाही, पण चेहऱ्यावर राख फासल्यासारखा पांढरट थर. मग रंग असलेलं, आयर्न ऑक्साइड घातलेलं मिळालं, एसपीएफ ५०. त्याचा दुहेरी उपयोग झाला: पांढरेपणा गेला आणि लालीही झाकली गेली. पुरुषाने रंगाचं सनस्क्रीन लावायचं का, हा प्रश्न मला दोन दिवस पडला. तिसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने “सुट्टीवर होतास का, ताजातवाना दिसतोस” असं विचारलं आणि प्रश्न मिटला. दोन बोटांवर लांब रेघ ओढून जेवढं येईल तेवढं, चेहरा आणि मानेला मिळून. मी पूर्वी याच्या पावपट लावायचो. ढग असले तरी लावतो, खिडकीशी बसायचं असलं तरी लावतो, कारण उन्हातले यूव्हीए (अतिनील) किरण काचेतून येतात.

दाढीबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून इथे थोडा रेंगाळतो. ब्लेड सोडलं, ट्रिमर घेतला. अगदी गुळगुळीत दाढी होत नाही, पण केसांच्या उलट दिशेने पातं फिरवून जी सूज यायची ती बंद झाली. आफ्टरशेव्ह कायमचा गेला. मेन्थॉल, कापूर, निलगिरी, अल्कोहोल, जे जे लावल्यावर ‘गारेगार’ वाटतं ते ते माझ्या गालांना विष ठरलं.

रात्री क्लेन्झर, अर्धा मिनिट, बोटांच्या टोकांनी. चेहरा पूर्ण कोरडा होईपर्यंत दहा मिनिटं थांबतो, ओल्या त्वचेवर औषध जास्त चरचरतं. दुसऱ्या महिन्यापासून १ टक्का आयव्हरमेक्टिन क्रीम सुरू झालं. जवळजवळ प्रत्येकाच्या त्वचेवर डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे असतात, रोझेशियात त्यांची संख्या बहुधा वाढलेली असते, आणि हे क्रीम त्यांना आवरतं, शिवाय दाहही कमी करतं. किड्यांचं ऐकून अंगावर काटा आला होता. पण लावताना काहीच जाणवलं नाही. सहाव्या आठवड्यापर्यंत फरक शून्य, मी सोडून देणार होतो. बाराव्या आठवड्यात फोटो शेजारी ठेवले तर डाव्या गालावर अकराच्या जागी दोन पुटकुळ्या. फोटो नेहमी एकाच खिडकीत, एकाच वेळी काढा. आरसा रोज वेगळं सांगतो.

चौथ्या महिन्यात मी घाई केली. १५ टक्के ॲझेलिक ॲसिडचं जेल मिळालं होतं, आठवड्यातून तीन रात्री लावायचं सांगून. मी रोज लावलं, वर स्वतःच्या मनाने १० टक्के नायसिनमाइडचं (ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार) सीरमही. पाच दिवसांत चेहरा पुन्हा पहिल्या दिवशीसारखा. दोन आठवडे सगळं थांबवून परत तीन वस्तूंवर यावं लागलं.

नंतर जेल नीट सुरू केलं: आधी मॉइश्चरायझर, त्यावर वाटाण्याएवढं जेल. चुणचुण तरीही व्हायची. इथे माझा गोंधळ उडाला, कारण झोंबणारं काहीही लावायचं नाही हे मी आता शिकलो होतो. तज्ज्ञांनी फरक सांगितला आणि तो मी अजून वापरतो. चुणचुण पंधरा-वीस मिनिटांत ओसरली, सकाळी त्वचा शांत असली आणि दर आठवड्याला ती कमी होत गेली, तर चालू ठेवायचं. आग वाढत गेली, त्वचा ताठरली किंवा सकाळीही गाल तापलेले राहिले, तर धुऊन टाकून थांबायचं. माझी चुणचुण तिसऱ्या आठवड्यात थांबली. आता एक रात्र सोडून लावतो.

कशाने भडकतं याची वही तीन महिने ठेवली. यादी सगळीकडे सारखीच वाचायला मिळते, प्रत्यक्षात प्रत्येकाची वेगळी निघते. मी तिखट सोडलं होतं, तर वहीत तिखटाचा दोषच दिसेना. वाफाळती पेयं आणि गरम पाण्याची लांब आंघोळ हे खरे गुन्हेगार. पेय पाच मिनिटं निवू देतो, आंघोळ आटोपती घेतो. व्यायाम बंद केला नाही, तासाऐवजी वीस-वीस मिनिटांचे तुकडे केले आणि मानेवर ओलं कापड ठेवतो.

सहाव्या महिन्यात डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. मला ते स्क्रीनमुळे वाटलं. तो रोझेशियाच होता, पापण्यांच्या कडांवरचा. नेत्रतज्ज्ञांनी कोमट शेक आणि पापण्यांची स्वच्छता सांगितली, शेक फक्त मिटलेल्या पापण्यांवर, गालांना ऊब लागू न देता. त्रास दोन आठवड्यांत उतरला. चेहऱ्यावर रोझेशिया असेल आणि डोळे लाल होत असतील, खुपत असतील, उजेड सहन होत नसेल, तर वाट पाहू नका. बुबुळाला इजा होऊ शकते.

तक्रारी दोन. झिंकचं सनस्क्रीन दाढीच्या खुंटांत अडकतं आणि रात्री काढायला वेळ लागतो. आणि हा दिनक्रम प्रवासात मोडतो, पाणी बदललं की दोन दिवस गाल ताणल्यासारखे वाटतात. तेवढ्यापुरतं जेल बंद ठेवतो आणि मॉइश्चरायझर दोनदा लावतो.

नाकाच्या कडेच्या रेषा म्हणजे कायमच्या रुंदावलेल्या रक्तवाहिन्या, त्यांच्यासाठी लेझर लागतो. पहिली बैठक पुढच्या महिन्यात आहे. तोवर ऊन काटेकोरपणे टाळायला आणि काही दिवस आधी ॲझेलिक थांबवायला सांगितलं आहे. बाकी तीन वस्तू तशाच चालू.