मनगटाचं ऑपरेशन: पूर्ण भूल घ्यावी की नुसता हात बधिर करावा?

मनगटात प्लेट बसवायचं ठरलं की भूलतज्ज्ञ विचारतात, पूर्ण भूल देऊ की फक्त हात बधिर करू? निफाड-दिंडोरीकडून नाशिकला आलेली बरीच मंडळी म्हणतात, ‘पूर्णच द्या, काही कळायला नको.’ तब्येत धड असेल तर मी ब्लॉक, म्हणजे नुसता हात बधिर करणारं इंजेक्शन, घेईन.

ब्लॉकमध्ये कॉलर बोनच्या वर किंवा काखेत, सोनोग्राफीवर नसा बघत, औषध सोडतात. १५-३० मिनिटांत हात जड पडतो. ओढल्याचं जाणवतं, दुखत नाही. ड्रिलचा आवाज नको असेल तर झोपेचं हलकं औषध मागा, देतात. खरी कमाई नंतरची: लांब टिकणारं औषध असेल तर १२ तास किंवा जास्तही आराम मिळतो, म्हणजे पहिली रात्र बरी जाते. मात्र ब्लॉक उतरला की कळ एकदम उसळते, म्हणून गोळी दुखायच्या आधीच, डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला घ्यायची. तोवर हात झोळीतच ठेवायचा. पिंपळगावच्या एसटीत खिडकीत चेंगरला तरी कळणार नाही, गरम चहाने भाजेल ते वेगळंच.

पूर्ण भुलीत काहीच कळत नाही, हे सुख खरं. पण जाग आल्यावर मळमळ, नळी घातली असल्यास घसा खवखवणं आणि लगेच सुरू होणारी कळ हेही त्यातच आलं. लहान मूल, फार घाबरलेला माणूस किंवा एकाच वेळी दोन-तीन ठिकाणची मोडतोड असेल तर तीच बरी.

ब्लॉकलाही धोके आहेत. कॉलर बोनजवळ सुई फुप्फुसाला लागणं किंवा नसेला इजा होणं क्वचित घडतं; दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर आधीच सांगा. कधी हात पुरता बधिर होत नाही, मग पूर्ण भूलच द्यावी लागते. म्हणून उपास दोन्हींत सारखाच: जेवण ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधी.

गुडघा बदलायचा असेल तर हिशेब वेगळा. तिथे बहुधा कमरेत इंजेक्शन आणि जोडीला मांडीत ब्लॉक देतात. त्या इंजेक्शनने कमर कायमची धरते, ही पारावरची भीती निराधार आहे. डोकेदुखी आणि बीपी उतरणं मात्र होऊ शकतं. हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटंच भूलतज्ज्ञांपुढे ठेवा. काही गोळ्या कमरेच्या सुईआधी ५-७ दिवस थांबवतात, पण स्टेंट असलेल्याने त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.