बाळाच्या रिफ्लक्सची तपासणी : हात कुशल, सांगणे अपुरे

माझी मुलगी चार महिन्यांची असताना प्रत्येक दुधानंतर ते टाकत असे, रात्री अंग ताणून कळवळत असे, आणि तिचे वजनही अपेक्षेप्रमाणे वाढत नव्हते. दूध टाकणारी बाळे अंगाने भरतात, असे सासूबाईंचे म्हणणे होते. परंतु वजनाचा तक्ता पाहून डॉक्टरांना रिफ्लक्सची, म्हणजे जठरातले दूध अन्ननलिकेत परत वर येण्याची, शंका आली आणि त्यांनी बेरियम तपासणी (एक्स-रेत दिसणारे बेरियमचे द्रव पाजून अन्नमार्ग पाहणे) करून घेण्यास सांगितले. त्यासाठी नाशिकमधील ज्या इमेजिंग केंद्रात आम्ही गेलो, त्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही.

वेळ सकाळी नऊची होती आणि तीन तास दूध देऊ नये अशी सूचना होती. सिडकोतून निघून मुंबई नाक्याची कोंडी पार करत आम्ही पावणेनऊला पोहोचलो, तरी क्रमांक लागला पावणेअकराला. उपाशी तान्हे बाळ मांडीवर घेऊन दोन तास बसणे काय असते, हे स्वागतकक्षातील कोणाच्याही ध्यानात आले नाही. लहान मुलांना सकाळचा पहिला क्रमांक द्यावा, एवढी साधी गोष्ट येथे पाळली जात नाही.

आतला अनुभव मात्र निराळा होता. केवळ अंगावर पिणाऱ्या मुलीने बाटली तोंडात धरलीच नाही, तेव्हा तंत्रज्ञ ताईंनी न चिडता विचारले, "घरचे बोंडले आणले आहे का?" सुदैवाने ते पिशवीत होते. त्यातून खडूच्या निवळीसारखे ते पांढरे द्रव घोट घोट पाजत, एक्स-रे गरजेपुरताच चालू ठेवत त्यांनी काम उरकले. पुढचे दोन दिवस शी पांढरट होईल, हे मात्र कोणीही सांगितले नाही, आणि पहिले दुपटे पाहून माझे हातपाय गळाले.

अहवालात रिफ्लक्स आढळला नसल्याचे लिहिले होते. तो वाचत असतानाच मुलीने यजमानांच्या सदऱ्यावर दूध टाकले. अन्ननलिका, जठर आणि आतड्याची रचना बरोबर आहे ना, आतड्याला पीळ तर नाही ना, हे पाहण्यासाठी ही तपासणी असते; त्या काही मिनिटांत दूध वर आले नाही म्हणजे ते कधीच येत नाही असे नव्हे, हे डॉक्टरांनी आम्हाला नंतर समजावले. तेच आधी कळले असते तर बरे झाले असते.

पुढे दुसऱ्या रुग्णालयात चोवीस तासांची पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल अधिक) तपासणी झाली. नाकातून अन्ननलिकेत बारीक नळी घालून तिची जागा एक्स-रेने पाहतात आणि पीएच ४ च्या खाली किती वेळा व किती काळ गेला हे यंत्र नोंदवते. दूध, झोप आणि रडणे यांच्या वेळा मी वहीत लिहिल्या. नळी ओढू नये म्हणून सिस्टरनी मुलीच्या हातांवर जुने पायमोजे चढवले होते. आम्ल वर येण्याच्या आणि रडण्याच्या वेळा फारशा जुळल्या नाहीत, म्हणून डॉक्टरांनी आम्लाचे औषध सुरू न करता, माझ्या आहारातील गाई-म्हशीचे दूध अंगावरच्या दुधातून मुलीला बाधत असावे या शंकेने, मला काही आठवडे दूध, दही आणि पनीर बंद करण्यास सांगितले.

इमेजिंग केंद्राला पाचपैकी तीन तारे देते, आणि ते तिन्ही तंत्रज्ञ ताईंचे आहेत. तेथे जाणाऱ्यांनी वेळ फोनवर पुन्हा पक्की करून घ्यावी, दोन झबली जास्तीची न्यावीत आणि बोंडले विसरू नये.