बाटलीला लावायचं बिडे नोझल, बाइकपॅकिंगवाल्यांनी घ्याच

शौचानंतर पाण्याने धुवायला हे छोटं नोझल, साध्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तोंडात घट्ट बसतं, बाटली दाबली की बारीक पण जोरदार धार येते आणि अर्ध्या लिटरात काम व्यवस्थित होतं. ताम्हिणी, वरंधा, पानशेत साइडला सायकलला बॅगा लावून मुक्कामी जाणाऱ्यांना (हेच बाइकपॅकिंग) माहितीये, घाटात टॉयलेट मिळेलच असं नाही, आणि आपल्याला पाण्याशिवाय स्वच्छ वाटतच नाही, शिवाय टिश्यू नंतर रानात उडत बसतात ते बघवत नाही. बायकांना तर फार आधार आहे याचा, टॉयलेट नाही म्हणून पाणी कमी प्यायचं आणि मग युरिन इन्फेक्शन ओढवून घ्यायचं, असं प्लीज करू नका गं. दिवसभर सीटवर घाम आणि घर्षण, त्यामुळे धुतल्यावर नीट कोरडं करायलाच हवं नाहीतर पुळ्या येतात, छोटा सुती पंचा सोबत ठेवा. स्टीलची बाटली चालत नाही, दाबता आली पाहिजे, आणि ती पिण्याच्या बाटलीपासून वेगळीच ठेवा. खुरपं पण न्या, १५-२० सेंमी खड्डा, पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, पानशेतचं पाणी खडकवासल्यातून आपल्याच पुण्याच्या नळाला येतं ना! नोझलसोबत पिशवी मात्र द्यायला हवी होती, मी झिपलॉकमध्ये ठेवते.