ईएमटी व्हायचंय: १०८, सहा महिन्यांचं सर्टिफिकेट की कॉलेजची डिग्री?

बारावी सायन्सचा निकाल लागला की दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबागेतल्या ओळखीच्या घरांतून मला फोन यायला लागतात. नीटचे मार्क कमी पडलेत, नर्सिंगला मन नाही, आणि मुलगा किंवा मुलगी म्हणते, मला ईएमटी, म्हणजे अँब्युलन्सवरचा इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, व्हायचंय. ‘ताई, कुठे फॉर्म भरू?’ हा पहिला प्रश्न असतो आणि ‘फी किती?’ हा दुसरा.

मी बडोद्यात कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, नर्स आहे. अँब्युलन्समधून स्ट्रेचर खाली येतं तेव्हा समोर ईएमटी असतो. बीपी किती होतं, ऑक्सिजन कधी लावला, झटका किती वाजता आला, हे तो अर्ध्या मिनिटात सांगतो आणि त्यावर आमची पुढची दहा मिनिटं चालतात. चांगलं शिकलेला कोण आणि नुसता युनिफॉर्म घातलेला कोण, हे त्या अर्ध्या मिनिटात कळतं. म्हणून मी फीपासून सुरुवात करत नाही. मूल पेशंटजवळ किती तास उभं राहणार आणि बाहेर पडल्यावर त्याचं नाव कुठल्या रजिस्टरवर लागणार, या दोन गोष्टी मी आधी बघते.

आधी नोकरी कुठे आहे ते बघा

गुजरातेत १०८, म्हणजे या नंबरवर फोन करून बोलवायची अँब्युलन्स सेवा, २९ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षी राज्याने आपत्कालीन वैद्यकीय सेवांचा स्वतंत्र कायदाही केला. इथल्या गाडीवर दोघंच असतात, पायलट आणि ईएमटी. ड्रायव्हरला तिथे पायलट म्हणतात. डॉक्टर कॉल सेंटरवर, फोनवर. म्हणजे क्वांटपासून छोटा उदेपूरपर्यंतच्या रस्त्यात बाळ डोकं बाहेर काढायला लागलं तर हात ईएमटीचेच. १०८च्या कॉलमध्ये बाळंतपणाच्या केसेसचा वाटा फार मोठा आहे, हे बऱ्याच मुलांना ठाऊकच नसतं. त्यांच्या डोळ्यांसमोर हायवेवरचा अपघात असतो.

महाराष्ट्रात चित्र वेगळं आहे. तिथे २०१४ पासून चालणाऱ्या १०८च्या गाडीवर डॉक्टर असतो. त्यामुळे ‘पुण्याला मामाकडे राहून शिकेल, तिकडेच १०८ला लागेल’ असा हिशेब करणाऱ्यांनी जरा थांबावं. पुण्यात सिंबायोसिसचा आपत्कालीन सेवांचा डिप्लोमा आहे, पण तो पदवीनंतरचा. बारावी झालेल्या मुलासाठी तो रस्ता आज नाही.

बडोद्याच्या आसपास दुसरी मोठी दुनिया कारखान्यांची. कोयलीची रिफायनरी, नंदेसरी, मकरपुरा, वाघोडिया, सावली, हालोल. कामगारांच्या सुरक्षेच्या कायद्याप्रमाणे पाचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात अँब्युलन्स रूम ठेवावीच लागते आणि तिथे शिकलेलं माणूस लागतं. या नोकऱ्यांचं नाव आमच्या घरांत फारसं कुणी काढत नाही.

रस्ता पहिला: थेट १०८

ज्याची बी.एस्सी. किंवा जी.एन.एम. (नर्सिंगचा डिप्लोमा) आधीच झाली आहे, त्याला मी कॉलेजचा फॉर्म भरूच देत नाही. १०८ चालवणारी ईएमआरआय संस्था निवडलेल्या उमेदवारांना स्वतः तयार करते. अहमदाबादजवळ कठवाड्याला त्यांचं केंद्र आहे. या संस्थेच्या प्रशिक्षणाला २००७ पासून अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या इमर्जन्सी विभागाचा हात लागलेला आहे. बी.एस्सी., जी.एन.एम., ए.एन.एम. अशा पात्रता त्यांच्या जाहिरातींत येत आल्या आहेत. फॉर्म भरण्याआधी चालू जाहिरात वाचा. फी भरून वर्ष घालवण्यापेक्षा पगार घेत शिकणं केव्हाही बरं.

अडचणी दोन. शिफ्ट मोठ्या असतात आणि पहिलं पोस्टिंग घराजवळ मिळेलच असं नाही. नसवाडी, पावी जेतपूर, क्वांट अशा ठिकाणी राहायची तयारी लागते. आणि आत मिळालेलं प्रशिक्षण कामापुरतं पक्कं असलं, तरी ते विद्यापीठाची पदवी नव्हे. चार वर्षांनी हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात सरकायचं म्हटलं तर तुमची मूळ पदवीच विचारली जाते.

‘मुलगी आहे, रात्रीची गाडीवर कशी पाठवू?’ हा प्रश्न आई विचारते आणि तिने तो विचारलाच पाहिजे. मुली हे काम करतात, उत्तम करतात, आणि बाळंतपणाच्या केसला बाईमाणूस समोर दिसलं की पेशंटचा जीव निम्मा भांड्यात पडतो. गाडी कुठे उभी असते, तिथे बसायला खोली आहे का, संडास-बाथरूम आहे का, रात्रीच्या शिफ्टनंतर घरी कसं यायचं, हे मुलाखतीतच विचारून घ्या. विचारायला संकोच वाटण्यासारखं त्यात काहीच नाही.

रस्ता दुसरा: सर्टिफिकेट

सहा महिने ते वर्षभराचा कोर्स. काही हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या चौकटीतले, काही कॉलेजांचे स्वतःचे. फी कमी, प्रवेश सोपा, जाहिरात आकर्षक. सगळ्यात जास्त पोरं इथेच जातात, म्हणून यावर नीट बोलते.

२०२१ साली केंद्राने सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय नावानिशी आहे. या कायद्याने सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणून मोजलं जायचं तर डिप्लोमा किंवा डिग्री किमान २००० तासांची आणि दोन ते चार वर्षांत पसरलेली हवी. वरच्या पायरीला, म्हणजे हेल्थकेअर प्रोफेशनलला, ३६०० तास आणि तीन ते सहा वर्षं. आता सहा महिन्यांच्या कोर्सचा हिशेब करा. महिन्याला २६ दिवस, रोज सहा तास, एकही सुट्टी न घेता: ९३६ तास. निम्मेही नाहीत. ‘सरकारमान्य’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असलं, तरी कशासाठी मान्य हे विचारा. कौशल्य प्रमाणपत्र म्हणून मान्य असणं वेगळं आणि या कायद्याखालच्या रजिस्टरवर नाव लागणं वेगळं.

मग सर्टिफिकेट वाया का? नाही. जी.एन.एम. झालेल्या आणि कारखान्याच्या अँब्युलन्स रूममध्ये जाऊ पाहणाऱ्या मुलाला ते उपयोगी पडतं. घरची परिस्थिती अशी की वर्षाच्या आत पैसे यायलाच हवेत, तर खासगी हॉस्पिटलच्या गाडीवर उभं राहायला तेवढं पुरतं. पण अठरा वर्षांच्या, मार्क बरे असलेल्या, घरून तीन-चार वर्षांची सोय होऊ शकणाऱ्या मुलाने केवळ लवकर संपतं म्हणून हा कोर्स घेऊ नये. हे माझं स्पष्ट मत आहे आणि मी ते आईवडलांसमोरही असंच सांगते.

‘घरबसल्या पॅरामेडिकल’ अशी जाहिरात आली तर ती बाजूला ठेवा. या कायद्याखालचे आरोग्य अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला यूजीसीने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली आहे.

रस्ता तिसरा: कॉलेजची डिग्री

साधारण तीन वर्षं अभ्यास, त्यावर इंटर्नशिप. बारावी सायन्स लागते, आणि बायॉलॉजीचा बी ग्रुप असेल तर पहिलं वर्ष जड जात नाही. खर्च जास्त, हे खरं. पण ॲनॅटॉमी-फिजिऑलॉजी नीट शिकलेल्या मुलाला ईसीजीची पट्टी हातात दिली की तो वाचतो. पाठ केलेला मुलगा फक्त बघतो.

परदेशाचा विषय बडोद्यात टळत नाही, म्हणून तोही इथेच. ब्रिटनमध्ये पॅरामेडिक म्हणून रजिस्टर व्हायला सप्टेंबर २०२१ पासून पदवीची पातळी लागते. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१८ पासून पॅरामेडिकचं राष्ट्रीय रजिस्ट्रेशन आहे. आखाती देशांत कागदपत्रांची पडताळणी आणि परीक्षा असते. आपली डिग्री घेऊन उद्या लंडनच्या गाडीवर उभं राहता येईल असं नाही, पण डिग्रीवाला अर्ज तरी करू शकतो. सहा महिन्यांच्या कागदावर ‘परदेशात मागणी’ विकणाऱ्या माणसासमोरून उठून या.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका, हॉस्पिटल बघा. वाघोडियाच्या बाजूला पिपरियाचं सुमनदीप आणि लिमड्याचं पारुल या दोन्ही विद्यापीठांच्या आवारात स्वतःची हॉस्पिटलं आहेत. अशा ठिकाणी विचारताना कोर्सचं पूर्ण नाव कागदावर घ्या आणि इमर्जन्सीचा कोर्स यंदा भरला जातोय का, ते तपासा. ऑपरेशन थिएटर आणि ॲनेस्थेशिया टेक्नॉलॉजीची डिग्री चांगली आहे, पण तो वेगळा व्यवसाय आहे. काउंटरवरचा माणूस ‘सगळं सारखंच’ म्हणतो. सारखं नाही.

जिथे स्वतःचं हॉस्पिटल नाही, तिथे करारपत्र मागा. कुठल्या हॉस्पिटलशी, किती आठवडे, त्यात कॅज्युअल्टी किती, लेबर रूम किती, आयसीयू किती, आणि प्रत्यक्ष अँब्युलन्सवर किती. सयाजी हॉस्पिटलसारख्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत एका रात्रीत जे बघायला मिळतं, ते छोट्या नर्सिंग होममध्ये महिन्यात मिळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या लॉगबुक, म्हणजे पोस्टिंगमध्ये केलेल्या कामाच्या सही घेतलेल्या नोंदवह्या, बघायला मागा. सलग दहा पानांवर एकाच पेनाने एकाच दिवशी सह्या केल्यासारख्या दिसल्या, तर तिथे पोस्टिंग कागदावरच चालतं.

लॅबमध्ये काय बघायचं

प्रवेशाआधी स्किल लॅब दाखवा म्हणावं. दाखवतात. तिथे मॅनिकिन, म्हणजे सरावाचा माणसाएवढा पुतळा, प्लॅस्टिकच्या पिशवीतच असेल आणि पिशवीवर धूळ असेल, तर समजून घ्या. बाहेर असेल तर त्याची छाती दाबून बघा. स्प्रिंग परत वर येते का? चांगल्या मॅनिकिनला पाच-सहा सेंटिमीटर दाबलं की क्लिक ऐकू येतो, कारण मोठ्या माणसाला सीपीआर देताना, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबताना, तेवढंच दाबायचं असतं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ३० दाबांमागे दोन श्वास. तोंडावर मास्क धरून ॲम्बू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबली तर छाती फुगली पाहिजे. तीसजणांच्या बॅचला एकच मॅनिकिन असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार, तुम्हीच बघा.

मग तिथल्या एखाद्या मुलाला प्रेमाने एक प्रश्न विचारा. बी टाइपचा ऑक्सिजन सिलिंडर आहे, गेजवर १५० किलो प्रेशर दिसतंय, पेशंटला मिनिटाला दहा लिटर चालू आहे, किती वेळ पुरेल? सिलिंडरचं पाणी मावण्याचं माप दहा लिटर, गुणिले १५०, म्हणजे साधारण १५०० लिटर; दहाने भागलं की १५० मिनिटं, त्यातली शेवटची काही हातची राखून ठेवायची. छोटा उदेपूरहून बडोद्याला पेशंट आणताना हाच हिशेब निघण्याआधी करायचा असतो. वाटेत बोडेलीला सिलिंडर संपला तर कोण बदलून देणार? दुसऱ्या वर्षाच्या मुलाने हे तोंडी सांगितलं, तर त्या कॉलेजात कुणीतरी मनापासून शिकवतंय.

शिकवणारे कोण, हेही विचारा. कधीतरी गाडीवर काम केलेला एक तरी शिक्षक हवा. स्ट्रेचर मांडवीच्या चिंचोळ्या जिन्यातून खाली कसं आणायचं, पायांकडचा माणूस आधी की डोक्याकडचा, हे पुस्तकातून येत नाही. बीएलएसचा (बेसिक लाइफ सपोर्ट, जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांचा) कोर्स फीमध्येच आहे की वेगळे पैसे, हेही बघून घ्या. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षं चालतं, म्हणून ते शेवटच्या वर्षात केलेलं जास्त कामाला येतं.

फॉर्म भरताना

दहावी-बारावीच्या मार्कशीट, एलसी, आधार, जातीचा दाखला आणि लागत असेल तर नॉन-क्रीमीलेअर: ही कागदपत्रं एकदम तयार ठेवा आणि सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते बघा. आपल्या मराठी आडनावांचं गुजराती कारकुनाच्या हातून काय काय होतं, ते बडोद्यात वाढलेल्यांना सांगायला नको. आणि रजिस्ट्रेशनच्या वेळी एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागतं. मूळ कागद जमा करायला सांगितले तर पोचपावती घ्या. मधेच सोडलं तर फीचं काय, आणि नोकरीचा बाँड आहे का, याचं उत्तर तोंडी घेऊ नका.

मुलाला गाडीत मागे बसून मोबाइल वाचताना मळमळतं का, तेही घरीच बघून ठेवा. अँब्युलन्समध्ये पाठ रस्त्याकडे करून सुई लावायची असते.

आणि हेपॅटायटिस बीची लस. तीन डोस असतात: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. बरीच कॉलेजं पोस्टिंगच्या तोंडावर सांगतात आणि मग मुलं एका डोसवर वॉर्डात उभी राहतात, सुया हाताळतात. लहानपणी घेतली असेल तर कार्ड शोधा, नसेल तर फॉर्म भराल त्याच आठवड्यात पहिला डोस घ्या. जूनमध्ये घेतला तर तिसरा डिसेंबरात पुरा होतो. तोवर हॉस्पिटलचं पोस्टिंग लागलंच, तर तिथल्या सिस्टरना पहिल्या दिवशीच सांगा की डोस बाकी आहेत.