डॅशकॅमला करंट कुठून द्यायचा: गाडीतला यूएसबी, लायटर सॉकेट की थेट फ्यूजबॉक्स?

डॅशकॅम, म्हणजे पुढच्या काचेवर बसून रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा, घ्यायचा म्हटलं की लोक रिझोल्यूशन, नाइट व्हिजन, पुढचा एकटाच घ्यायचा की मागचा पण, यावर आठवडाभर डोकं खपवतात, आणि करंट कुठून द्यायचा हा विषय मात्र बसवणाऱ्या पोराच्या हातात सोडून देतात. तो पोरगा गाडीत वाकून बघतो आणि म्हणतो, "भाऊ, यूएसबी आहे न गाडीत, मंग कायले वेगळं काही घेता, इथंच लावून टाकतो." तो खोटं बोलत नसतो, बऱ्याच गाड्यांत चालतं पण. फक्त कोणत्या गाडीत, कोणता कॅमेरा आणि गाडी रात्री कुठं उभी राहते हे न विचारता तो हे बोलतो, आणि सगळं घोडं तिथंच अडतं.

आधी यूएसबीचंच बघू, कारण बहुतेकांना तेच करायचं असतं. कंपनीने दिलेले पोर्ट दोन जातीचे. एक स्टीरिओला जोडलेला, ज्यात पेनड्राइव्ह लावून गाणी वाजतात किंवा अँड्रॉइड ऑटो (फोनचा मॅप-गाणी गाडीच्या स्क्रीनवर) चालतं, आणि दुसरा फक्त चार्जिंगचा. पहिल्या जातीत करंटची बोंब असते. जुन्या यूएसबी २.० च्या हिशोबाने डेटा पोर्ट ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देतो, म्हणजे अडीच वॉट. काही गाड्यांत १ किंवा दीड अँपिअर मिळतो, पण ते पोर्टवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असेल तरच धरायचं. साधा फुल एचडी एकटा कॅमेरा चालताना अर्ध्या अँपिअरच्या आसपास घेतो, सुरू होताना जरा जास्तच ओढतो, त्यात जीपीएस, वायफाय आणि मागचा कॅमेरा आला की १ अँपिअरच्या पुढे जातो. म्हणून कॅमेऱ्याच्या डब्यावर ५ व्होल्ट २ अँपिअर असं काही लिहिलेलं असेल तर डेटा पोर्टचा नाद सोडा. चार्जिंगवाल्या पोर्टवर २ अँपिअरच्या वरचा आकडा असेल तर मात्र बिनधास्त लावा.

डेटा पोर्टचं अजून एक दुखणं आहे. कॅमेरा लावला की स्टीरिओला वाटतं कोणीतरी पेनड्राइव्ह लावला, तो कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड वाचायला बसतो, आणि कॅमेऱ्याला वाटतं आपल्याला कॉम्प्युटरला जोडलं. मग स्क्रीनवर मास स्टोरेज की पीसी कॅमेरा असं विचारत बसतो आणि रेकॉर्डिंग शून्य. स्क्रीन नसलेला कॅमेरा असेल तर अजूनच गंमत, लाइट लागलेली दिसते आणि तुम्ही खुशीत गाडी चालवता, कार्ड उघडून पाह्यलं तर काहीच नाही. यावर उपाय सोपा आहे, फक्त पॉवरची केबल घ्यायची ज्यात डेटाच्या तारा नसतातच. पण हे लक्षात असू द्या की त्याने गोंधळ मिटतो, पोर्टची करंटची मर्यादा जिथल्या तिथंच राहते.

नवीन गाड्यांत टाइप-सी पोर्ट यायला लागलेत, त्यात वेगळाच किस्सा होतो. टाइप-सी पोर्ट समोर काहीतरी लागलंय हे ओळखल्याशिवाय ५ व्होल्ट सोडतच नाही, आणि ती ओळख पटवायला कॅमेऱ्याच्या आत ५.१ किलोओहमचे बारके रेझिस्टर लागतात. स्वस्त कॅमेऱ्यांत बनवणाऱ्याने तेच वाचवलेले असतात. मग दोन्हीकडे टाइप-सी असलेली चांगली महागातली केबल लावली तरी कॅमेरा मेलेला, आणि माणूस दुकानात भांडायला जातो की पीस खराब दिला. कॅमेरा ठीक असतो, त्याला जुन्या चौकोनी यूएसबीकडून येणारी केबल लागते एवढंच. गाडीत चौकोनी पोर्ट नसेलच तर सरळ लायटर सॉकेटकडे वळायचं.

आता वायर. हिच्याकडे कोणी बघत नाही आणि निम्मी भानगड हिचीच असते. पोर्ट गिअरजवळ, कॅमेरा आरशामागे, आणि वायर छताच्या कडेने लपवत न्यायची तर ३ मीटर सहज लागते. बाजारातल्या पातळ केबलमध्ये पॉवरची तार २८ गेजची असते (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप), तिचा रेझिस्टन्स मीटरमागे ०.२१ ओहम, आणि करंट जाऊन परत पण येतो म्हणून ६ मीटरचा हिशोब धरायचा, झाले १.२८ ओहम. त्यातून १ अँपिअर गेला की सव्वा व्होल्ट वायरमध्येच स्वाहा. पोर्टवर ५.१ असले तरी कॅमेऱ्याच्या तोंडाशी ३.८ पोचणार, आणि साधारण साडेचारच्या खाली गेलं की बहुतेक कॅमेरे रुसतात. तीच वायर २२ गेजची घेतली तर नुकसान जेमतेम ०.३ व्होल्ट. केबलवर बारीक अक्षरात २८/२२ असं छापलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा पॉवरच्या तारेचा, आणि आकडा जितका लहान तितकी तार जाड. काहीच छापलेलं नसेल तर कॅमेऱ्याच्या डब्यात आलेली लांब केबल वापरा, ती निदान त्याच कॅमेऱ्यासाठी दिलेली असते.

पोर्ट पुरेसा आहे का हे कळायला दोन-चारशे रुपयांचा यूएसबी मीटर मिळतो, बोटाएवढा, त्यावर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. तो वायरच्या कॅमेऱ्याकडच्या टोकाला लावला तर वायरचं नुकसान धरून खरा आकडा कळतो. टेस्ट मात्र रात्री करा, हे कोणी सांगत नाही. ज्या कॅमेऱ्यांत गाडीच्या आतलं दाखवायला इन्फ्रारेड लाइट असतात ते अंधार झाल्यावर लागतात आणि तेव्हा करंटची मागणी वाढते. दिवसा चकाचक चालणारा कॅमेरा रात्री नागपूरच्या वर्धा रोडवर दर थोड्या वेळाने बंद-चालू होतो तो यामुळेच. मीटरवर ५.० दिसणारा आकडा लाइट लागल्या लागल्या ४.४ वर घसरला आणि लगेच स्क्रीनवर कंपनीचा लोगो परत आला, की समजून घ्या हा पोर्ट तुमच्या कामाचा नाही. असं वारंवार बंद पडण्यात कार्डाचीही वाट लागते, कारण चालू फाइल नीट बंद व्हायला वेळच मिळत नाही, आणि नेमकी ज्या मिनिटाला कोणी ठोकलं तीच क्लिप उघडत नाही.

करंट पुरला तरी एक गैरसोय उरते. बऱ्याच गाड्यांत पुढे डेटाचा पोर्ट एकच असतो आणि अँड्रॉइड ऑटो वायरवालं असेल तर तो फोनलाच लागतो. गावातल्या गावात धरमपेठ ते मनीषनगर जायला मॅप लागत नाही हो, पण समृद्धी महामार्गाने शिर्डी नाहीतर पूर्ण ७०१ किलोमीटर मुंबईकडे निघालात तर फोन पण लावायचा आणि कॅमेरा पण चालू पाहिजे. स्प्लिटर लावू नका, तोच तुटपुंजा करंट दोघांत वाटला जाईल आणि फोनही धड चार्ज होणार नाही.

लायटर सॉकेट दिसायला जुनाट पण माझं झुकतं माप त्यालाच. १२ व्होल्ट थेट मिळतो, सॉकेटच्या झाकणावर बहुतेक १२० वॉट छापलेलं असतं म्हणजे १० अँपिअर, त्यातून आपल्या कॅमेऱ्याला ५-१० वॉट म्हणजे चिल्लर. चांगला दोन पोर्टचा अडॅप्टर घेतला की एकात कॅमेरा, दुसऱ्यात फोन, आणि गाडीतला डेटा पोर्ट अँड्रॉइड ऑटोला मोकळा. स्टीरिओसोबतची पेनड्राइव्हवाली कटकट पण होत नाही. फास्ट चार्जिंगवाल्या अडॅप्टरने कॅमेरा जळेल अशी भीती बरेच जण घालतात, तसं काही नसतं, समोरच्याने मागितल्याशिवाय तो ५ व्होल्टच्या वर जात नाही. फक्त अडॅप्टर ओळखीच्या ब्रँडचा घ्या.

खोड्या सॉकेटच्या पण आहेत. स्वस्त अडॅप्टरच्या आतलं सर्किट एफएममध्ये खरखर आणतं, विविध भारती लावली की मागून घर्र आवाज येत राहतो आणि अडॅप्टर काढला की गायब. आणि दुसरं म्हणजे प्लग स्प्रिंगवर अडकलेला असतो, आपल्याकडच्या सिमेंट रोडच्या जॉइंटवर गाडी खटक-खटक करत गेली की तो हळूहळू बाहेर सरकतो. कॅमेरा टूं करून बंद, परत टूं करून चालू. बाजूंना रुंद पत्त्या असलेला, घट्ट बसणारा प्लग बघून घ्या. वायर डॅशबोर्डवर लोंबते म्हणून कुरकुरणारे लोक असतात, पण ती यूएसबीवाल्याची पण तेवढीच लोंबते.

चावी बंद केल्यावर काय होतं ते दोन्ही ठिकाणी तपासाच. बहुतेक गाड्यांत सॉकेट आणि यूएसबी दोन्ही इग्निशनसोबत बंद होतात, काही गाड्यांत दार उघडेपर्यंत किंवा थोडा वेळ चालू राहतात, आणि काहींत एखादं सॉकेट कायम चालूच असतं. गाडी लॉक करून पंधरा-वीस मिनिटांनी काचेतून बघा, कॅमेऱ्याची लाइट लागलेली असेल तर हिशोब करा: ३ वॉटचा कॅमेरा, अडॅप्टरमधलं नुकसान धरून बॅटरीतून ०.३ अँपिअरच्या जवळ ओढतो, दिवसाला ७ अँपिअर-तास. छोट्या हॅचबॅकची बॅटरी ३५ ची. लग्नाला म्हणून तीन दिवस बाहेरगावी गेलात तर आल्यावर धक्का मारायला शेजाऱ्याला उठवावं लागेल. सुरू करताना स्टार्टर फिरला की दोन्हीकडचा करंट क्षणभर जातो आणि कॅमेरा दोनदा सुरू झाल्यासारखा वाटतो, त्याचं टेन्शन घेऊ नका.

हार्डवायर, म्हणजे फ्यूजबॉक्समधून थेट लाइन. यासाठी मिळणाऱ्या किटला तीन तारा असतात, एक कायम चालू असलेल्या फ्यूजला, एक चावीसोबत चालू होणाऱ्या फ्यूजला आणि एक बॉडीला अर्थ. किटमध्येच १२ चे ५ व्होल्ट होतात. याचा खरा फायदा एकच, पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद करून उभी असतानाही कॅमेरा चालू. गाडी महाल नाहीतर इतवारीच्या गल्लीत रस्त्यावर उभी राहत असेल, रोज कोणाचं ना कोणाचं हँडल दाराला घासून जात असेल, तर बाकी कशानेच काम भागणार नाही कारण बाकी बहुतेक सगळं चावीसोबत झोपतं, नाहीतर बॅटरी उतरवतं. किट घेताना लो व्होल्टेज कटऑफ असलेलं, म्हणजे बॅटरी ठरावीक व्होल्टच्या खाली गेली की कॅमेरा आपोआप बंद करणारं घ्या, आणि पर्याय असेल तर १२.२ व्होल्टवर ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या वर दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. ११.६ वर ठेवलं तर कॅमेरा रात्रभर चालेल पण सकाळी गाडी चालू होईल का याची गॅरंटी नाही, त्यात आपल्या उन्हाने बॅटरी तशीही लवकर म्हातारी होते.

पण कव्हर्ड पार्किंग असणाऱ्याने हार्डवायर कावून करायचं हे मला समजत नाही. सोसायटीत सीसीटीव्ही, ऑफिसात वॉचमन, आणि मे महिन्यात बाहेर ४५ असताना बंद गाडीत काचेला चिकटलेला कॅमेरा पार्किंग मोडमध्ये अजूनच तापवत ठेवायचा. उन्हात उभ्या गाडीच्या आत ६० च्या पुढे सहज जातं. म्हणून नागपुरात कॅमेरा घेताना लिथियम बॅटरीवाला न घेता सुपरकॅपॅसिटरवाला (बॅटरीऐवजी थोडा करंट साठवणारा, उष्णता सोसणारा भाग) घ्या, बॅटरी फुगून कॅमेऱ्याचं पोट उघडतं. पॉवर बँकवर चालवायचा सल्ला याच कारणासाठी बाद, उन्हात उभ्या गाडीत पॉवर बँक ठेवूच नका. ओबीडी पोर्टमधून (सर्व्हिस सेंटरवाले स्कॅनर लावतात तो) लाइन घेणाऱ्या केबलपण मिळतात, बसवायला दोन मिनिटं, पण त्या पोर्टमध्ये बॅटरीचा करंट कायम येतो, तेव्हा कटऑफ नसेल तर तीच बॅटरी उतरायची गोष्ट.

अजून एक जात आहे जिला यूएसबी चालतच नाही, ब्लॅकव्ह्यूची बरीच मॉडेलं थेट १२ व्होल्टवर गोल पिनेने चालतात. घेण्याआधी पिन बघा. आणि ज्यांची गाडीच अजून घ्यायची आहे त्यांना वेगळा रस्ता पण आहे, ह्युंदाई एक्स्टरसारख्या गाडीच्या वरच्या मॉडेलमध्ये कंपनीचाच पुढे आणि गाडीच्या आत बघणारा डॅशकॅम येतो, वायरचा विषयच मिटला.

तर माझं म्हणणं असं. एकटा पुढचा कॅमेरा, रात्री गाडी आत, फोन वायरलेस किंवा फक्त ब्लूटूथवर, आणि गाडीत चार्जिंगचा वेगळा पोर्ट आहे, तर यूएसबी लावा आणि पैसे वाचवा. पुढे-मागे कॅमेरा, इन्फ्रारेड किंवा ४के असेल, नाहीतर समृद्धीवर नेहमी जाणं असेल, तर लायटर सॉकेट आणि जाड वायर. रस्त्यावर पार्किंग असेल तरच हार्डवायर, आणि ते पण चांगल्या हातून. नवीन गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, वायर कापून जोडलेली त्यांना चालत नाही, फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी खोचून वायर न कापता लाइन घेणारा जोड) केलेलं काम निदान काढून पूर्ववत करता येतं.

बसवणाऱ्याला दोनच प्रश्न विचारायचे. वायर पुढच्या खांबातून कशी नेणार, कारण कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचांवर छतातून उघडणारी) असेल तर ती एअरबॅगच्या मागून गेली पाहिजे, वरून गेली तर एअरबॅग उघडताना आडवी येईल. आणि लाइन कोणत्या फ्यूजवरून घेणार, कारण एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला हात लावायचा नसतो, सॉकेटचा किंवा वायपरचा घेतला तर चालतं. याचं उत्तर "होऊन जाते न भाऊ, टेन्शन कायले घेता" असं आलं, तर चावी परत घ्या आणि दुसरं दुकान बघा.