तीन सेस्ना, तीन जीपीएस: आरनॅव्ह शिकायला कुठलं विमान घ्यावं?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवणारे आमचे शेजारी परवा संध्याकाळी मोबाइल घेऊन आले. मुलगी अमेरिकेत इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर उडवण्याच्या परवान्याचे, तास भरतेय. तिथल्या शाळेत तीन सेस्ना १७२ भाड्याने मिळतात, तिन्हींचे दर वेगळे. तिने तिन्ही पॅनेलचे फोटो पाठवले होते. "काका, तिन्हीत जीपीएस हाय की. मग स्वस्तातलं घिऊ म्हणतो," हा बाबांचा हिशेब. मी उभी नोकरी विमानांची रेडिओ-उपकरणं दुरुस्त करण्यात घालवली, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला.

आधी मागणी काय आहे ते. जुन्या पद्धतीत विमान जमिनीवरच्या एका व्हीओआर रेडिओ-केंद्रावरून दुसऱ्या केंद्राकडे जातं, आपली पुण्याची एसटी मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर करत जाते तसं. आरनॅव्ह या नव्या पद्धतीत बिंदू आकाशात कुठेही ठरवता येतो, त्याच्याखाली केंद्र असावं लागत नाही. विमानतळावरून निघतानाचा ठरलेला मार्ग म्हणजे सिड, विमानतळाकडे येतानाचा स्टार. तिकडे आरनॅव्हचे असे मार्ग बहुतेक आरनॅव्ह १ दर्जाचे असतात. म्हणजे उड्डाणाच्या ९५ टक्के वेळ विमान आखलेल्या रेषेपासून १ सागरी मैलाच्या आत राहिलं पाहिजे. वैमानिकाने मात्र रेषेपासूनचं अंतर दाखवणारी सुई अर्ध्या मैलाच्या आत ठेवायची असते, वळणावर तेवढी थोडा वेळ सूट. आणि धावपट्टीपासून ५०० फूट वर जाईपर्यंत उपकरणाचं मार्गदर्शन सुरू झालेलं हवं.

बाबांचा पहिला प्रश्न होता, ऑटोपायलट लागतो का? आरनॅव्ह १ साठी सक्ती नाही, विचलन दाखवणारी सुई पुरते. दुसरा प्रश्न, टॅबलेटवर तर सगळा नकाशा दिसतो, मग जीपीएसचा महागडा डबा कशाला? टॅबलेट नकाशा म्हणून उत्तम, पण मार्ग पाळण्याचं मान्यताप्राप्त उपकरण म्हणून त्याची किंमत शून्य. नुसत्या व्हीओआर आणि डीएमई (केंद्रापासूनचं अंतर मोजणारं उपकरण) यांवर चालणारं जुनं आरनॅव्हही आरनॅव्ह १ ला चालत नाही.

आता विमानं. पहिलं सगळ्यात स्वस्त: गोल घड्याळांचं पॅनेल आणि त्यात गार्मिनचा जीएनएस ४३०, साधा. दुसऱ्याचं पॅनेल तसंच, पण डबा ४३०डब्ल्यू. तिसरं २००५ चं, दोन मोठ्या पडद्यांचं जी१०००, आणि भाडं सर्वांत जास्त. फोटोत तिसरं बघून कुणीही भुलेल. मीही क्षणभर भुललो.

साधा ४३० जीपीएस डब्यांच्या जुन्या सी-१२९ए मानकाचा, डब्ल्यू नव्या सी-१४६ चा. जुना डबा उपग्रहांचे संकेत आपसात ताडून चूक पकडतो, त्याला रेम म्हणतात, आणि त्यासाठी किमान ५ उपग्रह दिसावे लागतात. म्हणून निघण्यापूर्वी वाटेवरच्या रेमचा अंदाज काढायचा. सलग ५ मिनिटांहून जास्त खंड दिसला तर बेत बदलायचा. डब्ल्यूला वास नावाच्या अमेरिकी यंत्रणेकडून जीपीएसच्या चुकांच्या दुरुस्त्या उपग्रहामार्गे मिळतात. वासच्या छत्राखाली हा वेगळा अंदाज काढावा लागत नाही.

सुईच्या पट्टीतही, म्हणजे मधापासून कडेपर्यंत किती मैल दाखवायचे यातही, फरक आहे. विमानतळापासून ३० मैलांच्या आत दोन्ही डबे पट्टी आपोआप १ मैलावर आणतात. त्याबाहेर जुन्याची पूर्ण पट्टी ५ मैलांची, नव्याची २ मैलांची. बरेच स्टार ३० मैलांच्या बाहेरच सुरू होतात. तिथे जुन्या डब्यावर सुई मधल्या गोलापासून केसभर सरकली की विमान अर्धा मैल बाहेर गेलेलं असतं, आणि नवशिक्याला ते कळतही नाही. पट्टी हाताने १ मैलावर लावायची सवय दोन्हीत हवी, पण विसरलात तर जुना जास्त महागात पडतो.

तरीही आरनॅव्ह १ च्या सिड-स्टारपुरतं बोलायचं तर साधा डबाही चालू शकतो. मानकाचा शिक्का एकटा पुरत नाही. मार्गातले ठरावीक प्रकारचे टप्पे डब्याने आपोआप जोडले पाहिजेत, आणि तसं विमानाच्या मॅन्युअलच्या पुरवणीत लिहिलेलं हवं. ती पुरवणी बघितल्याशिवाय पैसे भरू नका, असं मी बाबांना दोनदा सांगितलं.

तिसऱ्याची गोम वेगळीच. जी१००० चे पडदे नवे वाटले तरी जीपीएस बसतो मागच्या डब्यात. सुरुवातीच्या विमानांत तो जीआयए ६३ असायचा, वासशिवाय. नंतर ६३डब्ल्यू आला. २००५ च्या विमानात तो बदलला नसेल, तर सगळ्यात जास्त भाडं भरून हाती पडतो पहिल्या विमानाच्याच तोडीचा जीपीएस, फक्त चित्र मोठं.

फोटो मोठे करून बघताना पहिल्या विमानाच्या पडद्यावर डेटाबेसची, म्हणजे डब्यात साठवलेल्या मार्ग-बिंदूंच्या माहितीची, तारीख दिसली. मुदत संपून दोन चक्रं उलटली होती. ही माहिती दर २८ दिवसांनी बदलते. सिड-स्टार डेटाबेसमधून नावानेच उचलावा लागतो, एकेक बिंदू हाताने भरून तयार केलेला चालत नाही. म्हणजे डबा कितीही लायक असला तरी त्या दिवशी ते विमान या कामाचं नव्हतं. तेव्हा डेटाबेसच्या कार्डाची तारीख मी भाड्याच्या आधी विचारतो.

मुलीला मी व्हिडिओ कॉलवर एवढंच करून घ्यायला लावलं: प्रोसीजर बटण, सिड निवड, धावपट्टी निवड, मग कागदावरचा एकेक बिंदू पडद्याशी ताडून बघ, आणि शेवटी सीडीआय बटण, सुईने कुणाचं ऐकायचं ते ठरवणारं. ते जीपीएसऐवजी व्हीएलओसीवर राहिलं तर सुई व्हीओआरचं ऐकते, आणि कधीकधी अगदी मधोमध शांत उभी राहते. उड्डाण आराखड्यात दहाव्या रकान्यात जी आणि आर, अठराव्यात पीबीएनपुढे डी२. उपकरणांची ही सांकेतिक अक्षरं लिहिली नाहीत तर तिथल्या हवाई नियंत्रणाचा संगणक आरनॅव्ह सिड देतच नाही.

पुढे भारतात परतल्यावरही डब्ल्यूची सवय वाया जात नाही. वासचंच भावंड आपलं गगन, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभं केलेलं. २०२२ च्या एप्रिलमध्ये किशनगडला एटीआर ७२ हे प्रवासी विमान त्याच्या आधाराने उतरलं. आणि आपल्या होटगी रोडच्या विमानतळावर गोव्याहून येणारी विमानंही एटीआरच आहेत, हे ऐकून बाबांचा चेहरा खुलला.

माझा कौल दुसऱ्याला. जी१००० फक्त तेव्हाच, जेव्हा मागचा डबा डब्ल्यू असेल आणि पुढची नोकरी काचेच्या पडद्यांवरच करायची असेल. मुलीने शाळेला डब्याचा नंबर विचारलाय. अजून उत्तर आलेलं नाही, तोवर दुसऱ्या विमानाचे चार तास धरून ठेवलेत.